फिक्स येऊ द्या

मार्च महिन्यातली सकाळ. दिग्रस तालुक्यातल्या एका शेताच्या धुऱ्यावर दोन भाऊ, शेजारचे दोघे-तिघे आणि मोजणीदार उभे होते. पऱ्हाट्या उपटून एका कडेला रचून ठेवलेल्या. मोजणीदाराच्या हातात माणसाच्या उंचीचा दांडा, दांड्याच्या टोकावर ताटलीएवढा रोव्हर, मध्यावर पाणसळीचा बुडबुडा. हद्दीची खुंटी नेमकी बाभळीच्या बुडाशी येत होती. यंत्राच्या पडद्यावर आकडे केव्हाच दिसू लागले होते, मीटरच्या पुढे तीन घरे. थोरल्या भावाने विचारले, "आकडा तर दिसते साहेब, मंग थांबायचं कायले?" मोजणीदार म्हणाला, "थांबा काका, अजून फ्लोट आहे. फिक्स येऊ द्या."

चार-पाच मिनिटे गेली. बुडबुडा मध्यावर ठेवून तो दांडा धरून उभा होता आणि बाकीचे पडद्याकडे पाहत होते. मग ‘फिक्स’ आले आणि आकडा हलला, फार नाही, वीतभर. खुंटी त्या हललेल्या जागी ठोकली गेली. धाकट्या भावाने जमिनीवर आधी काडीने केलेली खूण पायाने पुसून टाकली.

त्या मोजणीदाराने जे केले, तेच या देशात उपग्रहाच्या आधाराने चालणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी व्हायला हवे, असे आमचे म्हणणे आहे. यंत्राने आकडा दाखवणे ही एक गोष्ट. तो आकडा किती विश्वासाचा आहे हे यंत्राने सांगणे ही दुसरी. पहिली गोष्ट आता खिशातल्या फोनातही आहे. दुसरी फक्त विमानाच्या वैमानिकाला मिळते, आणि आता रोव्हर धरणाऱ्या मोजणीदाराला. आगगाडी, एसटी, रुग्णवाहिका, मालाचा ट्रक यांच्या वाट्याला ती आलेली नाही.

शेतातल्या रोव्हरला दुरुस्ती मिळते ती जमिनीवर कायम उभ्या केलेल्या संदर्भ केंद्रांकडून, मोबाइलच्या जाळ्यातून. भारतीय सर्वेक्षण विभागाने ही केंद्रे उभारली आणि त्यामुळे जिथे साखळी ओढत दिवस जाई तिथे आता काही तास पुरतात. पण धावत्या वाहनांसाठी देशाने जी दुरुस्तीची व्यवस्था उभी केली ती निराळी. तिचे नाव ‘गगन’. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून ती बांधली, खर्च ७७४ कोटी रुपये. देशात तिची पंधरा संदर्भ केंद्रे आहेत आणि त्यांतले एक आपल्या नागपूरला आहे. दिग्रसहून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटर. प्रत्येक केंद्राला स्वतःची जागा सेंटिमीटरपर्यंत ठाऊक असते. जीपीएसचे उपग्रह त्याला जी जागा सांगतात ती आणि खरी जागा यांतला फरक ते क्षणाक्षणाला बेंगळुरूला कळवते. तिथे सगळ्या पंधरा ठिकाणांचे हिशेब एकत्र होतात, उपग्रहांची घड्याळे किती चुकली, कक्षा किती सरकल्या, वाटेतल्या आयनांबराने, म्हणजे आकाशातल्या विद्युतभारित थराने, लहरींना किती उशीर केला, हे काढले जाते आणि ती दुरुस्ती जीसॅट-८ आणि जीसॅट-१० या उपग्रहांवर चढवली जाते. जीसॅट-१५ राखीव आहे. तिथून ती पुन्हा जीपीएसच्याच लहरीवर सगळ्या देशावर पडते. फुकट. दिग्रसच्या बाजारातही ती याच क्षणी पडते आहे.

आपल्याकडे या व्यवस्थेची एक बाजू युरोपाहूनही भक्कम आहे. असे उपग्रह विषुववृत्तावर स्थिर असतात, म्हणून उत्तर युरोपात ते क्षितिजाला टेकलेले दिसतात आणि एखादी इमारत, एखादी टेकडी आड आली की दुरुस्ती तुटते. दिग्रसहून पाहिले तर जीसॅट-१० क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर आहे आणि जीसॅट-८ सुमारे ५५ अंश. गल्लीतून जाणाऱ्या गाडीलाही ते दिसावेत इतके वर. म्हणजे रस्त्यावरच्या आणि रुळावरच्या वाहनांना या दुरुस्तीचा लाभ व्हायला भूगोल अनुकूल आहे. तो लाभ किती होतो हे मोजून लोकांपुढे ठेवण्याचे काम मात्र राहिले आहे.

विमानांच्या बाबतीत ते काम झाले, आणि नीट झाले. ३० डिसेंबर २०१३ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ‘गगन’ला मार्गावरच्या उड्डाणासाठी प्रमाणपत्र दिले. विमान उतरवण्यासाठीचे प्रमाणपत्र २१ एप्रिल २०१५ रोजी मिळाले. त्यानंतर प्रत्यक्ष प्रवासी विमान या आधाराने उतरायला आणखी सात वर्षे लागली. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगढला ‘गगन’च्या मार्गदर्शनाने उतरले, आणि जून २०२३ मध्ये जुहूहून पुण्याला एक हेलिकॉप्टर याच आधाराने नेऊन दाखवण्यात आले. उशीर झाला खरा. नव्या विमानांत ‘गगन’चे यंत्र सक्तीचे करण्याची तारीख २०१६ च्या धोरणात १ जानेवारी २०१९ ठरली होती, तीही पुढे ढकलली गेली. तरीही विमानात बसणाऱ्या माणसाला एक हमी मिळाली आहे. जागा ठरलेल्या मर्यादेपलीकडे चुकत असेल तर वैमानिकाला दहा सेकंदांच्या आत इशारा मिळतो: आता यावर विसंबू नका. ज्या छोट्या धावपट्ट्यांवर उतरण्यासाठी जमिनीवरची महागडी यंत्रे बसवणे परवडत नाही, त्यांच्यासाठी हे वरदान आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईची विमाने सुटू लागली. यवतमाळची धावपट्टी नियमित विमानाची वाट पाहते आहे. विदर्भाला ही व्यवस्था हवीच आहे.

पण विमानासाठीची ती मर्यादा किती, हे इथे सांगितले पाहिजे. उतरणीच्या ज्या दर्जाचे प्रमाणपत्र २०१५ मध्ये मिळाले त्यात आडव्या दिशेची इशाऱ्याची मर्यादा ४० मीटर आहे आणि उभ्या दिशेची ५० मीटर. एरवी प्रत्यक्ष चूक याहून पुष्कळ कमी असते, दोन-तीन मीटरांपर्यंत उतरते. परंतु यंत्र तोंड उघडते ते चाळीस मीटरचा धोका दिसल्यावर. आकाशात चाळीस मीटर म्हणजे काही नव्हे. विमानाच्या डाव्या-उजव्या हाताला मोकळी हवाच असते.

आता हीच चाळीस मीटरची मर्यादा रुळांवर आणून पाहू. आपल्या ब्रॉडगेजच्या नव्या दुहेरी मार्गात दोन रुळांच्या मध्यांतले अंतर सव्वापाच मीटरच्या आसपास असते. स्थानकातली गाडी मुख्य मार्गावर उभी आहे की बाजूच्या लूपवर, हा रेल्वेच्या सुरक्षेचा सगळ्यात मूळ प्रश्न. दोन-तीन मीटरची चूक त्याचे उत्तर कसेबसे देईल. चाळीस मीटरचा इशारा तर त्या प्रश्नाच्या जवळही फिरकत नाही. म्हणून गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ प्रणालीने स्लीपरवर बसवलेल्या आरएफआयडी टॅगांचा आधार घेतला, आणि तो निर्णय योग्यच होता. दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेडकडच्या मनमाड-मुदखेड मार्गावर ही प्रणाली बसली आहे. गाडी नेमकी कोणत्या रुळावर आहे हे तिथे गाडीखालून जाणारा टॅग सांगतो.

रेल्वेने ‘गगन’ वापरलेले नाही असे नाही. इस्रोच्या मदतीने इंजिनांवर जी गाडीची जागा कळवणारी यंत्रे बसवली, आरटीआयएस नावाची, ती ‘गगन’ची दुरुस्ती घेतात आणि दर तीस सेकंदांनी नियंत्रण कक्षाला खबर देतात. पहिल्या टप्प्यात २७०० इंजिने होती. चांगली सोय आहे. फलाटावर "गाडी कुठवर आली?" या प्रश्नाला आता बऱ्यापैकी खरे उत्तर मिळते. पण इथे जरा हिशेब करून पाहावा. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी तीस सेकंदांत आठशे मीटरांहून जास्त पुढे गेलेली असते. मग दुरुस्तीमुळे जागा दहा मीटरऐवजी तीन मीटरपर्यंत अचूक झाली म्हणून प्रवाशाला काय मिळाले? या कामात चूक मीटरांत नाही, सेकंदांत आहे. नुसते ‘अचूकता’ म्हटल्याने काहीच कळत नाही ते यामुळे. कशासाठी अचूक, किती वेळात अचूक, हे वाहनागणिक बदलते. विमानाचे प्रमाणपत्र दाखवून आगगाडीची खात्री देता येत नाही आणि आगगाडीचे दाखवून एसटीची देता येत नाही.

हे दिग्रसला बसून लिहिण्याला कारण आहे. या गावावरून एकेकाळी दारव्हा-पुसद अशी अरुंद मार्गाची गाडी जात असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचे रूळ उखडले गेले आणि दिग्रस रेल्वेच्या नकाशावरून पुसले गेले. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावर दिग्रसचे नाव आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. मार्ग २८४ किलोमीटरचा आहे आणि त्यात कापूस पिकवणारे सपाट रान आहे तसे पुसद-उमरखेडकडचे डोंगरही आहेत. नवा मार्ग बांधला जात असतानाच त्यावर उपग्रहाच्या दुरुस्तीची पारख करणे सोपे असते, कारण रुळाची प्रत्येक वळणाची खरी जागा तेव्हा नुकतीच मोजून कागदावर चढलेली असते. मोजायची गाडी त्या रुळावरून न्यायची आणि उपग्रहाने सांगितलेली रेघ रुळाच्या खऱ्या रेघेवर ठेवून पाहायची. रूळ खोटे बोलत नाही. दहा वर्षांनी हेच करायचे तर रहदारी थांबवावी लागेल.

रस्त्यावरची गोष्ट याहून बिकट आहे. प्रवासी वाहनांत बसवायच्या यंत्रांसाठी देशात एआयएस-१४० हे मानक आहे, पुण्याच्या एआरएआयने प्रसिद्ध केलेले. त्यात जागेची अचूकता अडीच मीटर सांगितली आहे. पण ती ज्या मापाने सांगितली आहे त्याचा अर्थ असा की शंभरांतल्या पन्नास मोजण्या खऱ्या जागेपासून अडीच मीटरच्या आत याव्यात. उरलेल्या पन्नास कुठे जातात? मानकातच जोडीला सहा मीटरचे दुसरे एक माप दिले आहे आणि त्यात बहुतेक मोजण्या याव्यात अशी अपेक्षा आहे. ठीक. पण ही परीक्षा मोकळ्या आभाळासारख्या आदर्श स्थितीत होते. कडुनिंबाच्या कमानीखालून जाणारा रस्ता, पत्र्याच्या छपराचे बसस्थानक, डोंगराच्या कुशीतले वळण, पावसाळ्यात ओल्या पानांनी गच्च झालेले रान, हे त्या परीक्षेत नसते. आमच्या तालुक्यातला रस्ता मात्र असाच आहे.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका घ्या. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली, ९३७ गाड्यांनी. दिग्रस, मानोरा, पुसद या पट्ट्यात बंजारा तांडे विखुरलेले आहेत. पोहरादेवीच्या यात्रेला जाणाऱ्यांना ते ठाऊक आहेत, फोनवरच्या नकाशाला पुष्कळदा नाहीत. तिथे पत्ता म्हणजे ‘नाल्याच्या पलीकडे, मोठ्या चिंचेजवळ’. अशा ठिकाणी तीस मीटरची चूक झाली तर बिंदू नाल्याच्या अलीकडच्या काठावरून पलीकडच्या काठावर जातो. उन्हाळ्यात त्याने बिघडत नाही, गाडी कोरड्या पात्रातून उतरते. ऑगस्टमध्ये अरुणावतीला मिळणारा प्रत्येक ओढा दोन्ही थड्या भरून वाहत असतो. मग त्या तीस मीटरचा वळसा पूल गाठून सात-आठ किलोमीटरचा होतो, आणि गाडीत बाळंतीण असते. चालकाच्या पडद्यावर निळा ठिपका तितक्याच ठामपणे दिसतो, बरोबर असो की चूक. ‘अजून फ्लोट आहे’ असे त्याला सांगणारे कोणी नसते.

उद्या हा प्रश्न पैशाचाही होणार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या पथकर नियमांत दुरुस्ती झाली आणि उपग्रहाने मोजलेल्या अंतरावर पथकर घेण्याची वाट मोकळी झाली, दिवसाचे पहिले वीस किलोमीटर माफ ठेवून. बेंगळुरू-म्हैसूर आणि पानिपत-हिसार या मार्गांवर आधी प्रयोग झाले होते. एप्रिल २०२५ मध्ये मात्र मंत्रालयाने सांगितले की लगेच देशभर ही पद्धत लागू होत नाही. थांबले हे बरे झाले. महामार्गाला चिकटून सेवारस्ता असतो, दोघांमध्ये कधी आठ-दहा मीटरही नसतात. बैलगाडीच्या मागे सेवारस्त्यावरून रखडलेल्या ट्रॅक्टरला, टेम्पोला महामार्गाचा कर लागला तर दाद कुठे मागायची? तिथे कोणत्या पुराव्यावर चूक सिद्ध करायची? ज्या मोजमापावर पैसे घेतले जातात त्याची पारख आधी होते आणि तिचा दाखला समोर लावलेला असतो, हे आपल्या बाजार समितीतला प्रत्येक कापूस उत्पादक जाणतो. काट्यावर वजनमापे विभागाची मोहर नसेल तर तो गाडी काट्यावर चढवत नाही.

आता संध्याकाळच्या आभाळाकडे येऊ. या विषयातला सगळ्यात अवघड आणि आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग तोच आहे.

पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. थुंबाला १९६३ मध्ये अग्निबाणांचा तळ उभारला गेला तो त्याच कारणाने. दिवसभर सूर्य तापतो तेव्हा त्या पट्ट्यावरचे विद्युतभारित कण वर उचलले जातात आणि दोन्ही बाजूंना घसरून साठतात. उत्तरेकडचा तो साठा मध्य भारत आणि गुजरात यांच्या डोक्यावर येतो. विदर्भ त्या साठ्याच्या उतारावर आहे. शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये कणांची दाटी झपाट्याने बदलते आणि उपग्रहाकडून येणाऱ्या लहरीला होणारा उशीरही तसाच बदलतो. अमेरिकेची अशी व्यवस्था २००३ पासून चालू आहे, युरोपची २०११ पासून विमानांसाठी प्रमाणित आहे. पण त्यांच्या डोक्यावर हा उतार नाही. त्यांचे गणित आपल्याला जसेच्या तसे लागू होईना, म्हणून इस्रोच्या शास्त्रज्ञांना आयनांबराचे वेगळे गणित मांडावे लागले. ही मोठी कामगिरी आहे आणि तिची ओळख मराठी वाचकाला फारशी कोणी करून दिलेली नाही.

तरीही एक अडचण उरते. दुरुस्तीची माहिती आकाशात पाच अंशांच्या चौकटींवर बांधलेली असते, म्हणजे एकेक चौकट पाचशे किलोमीटरच्या घरात. दिग्रस जवळजवळ २० अक्षांशाच्या रेघेवर, अशाच एका चौकटीच्या खालच्या कडेला आहे. सूर्य मावळल्यावर त्या विद्युतभारित थरात पोकळ बुडबुडे उठतात, शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीचे, आणि पूर्वेकडे सरकत जातात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्यांचे महिने, संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत त्यांची वेळ. इतक्या मोठ्या चौकटीतून असा बुडबुडा निसटू शकतो. व्यवस्थेला संशय आला तर ती अनिश्चितता वाढवून विमानाला सांगते: आत्ता नको. वैमानिक दुसऱ्या पद्धतीने उतरतो. पण त्याच संध्याकाळी पुसदकडे निघालेल्या गाडीतले यंत्र तो इशारा ऐकत तरी असते का, आणि ऐकले तर चालकाला सांगते का?

यात सूर्याचा अकरा वर्षांचा फेरा मिसळतो. तो नुकताच शिखरावर होता. १० मे २०२४ चे सौर वादळ लडाखहून दिसलेल्या लाल प्रकाशामुळे सगळ्यांच्या लक्षात राहिले. आता सूर्य हळूहळू शांत होत जाईल. शांत वर्षांत, भर दुपारी, मोकळ्या रस्त्यावर चाचणी घेऊन ‘उत्तम’ असा शेरा मारला तर तो शेरा पुढच्या दशकाच्या मध्यात, सूर्य पुन्हा तापल्यावर, उघडा पडेल. तेव्हा रस्त्यांवर आणि रुळांवर याच आकड्यांच्या भरवशाने कितीतरी अधिक निर्णय घेतले जात असतील.

चूक मोजून ती छापणे ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. उलट, जगातल्या सर्वात थोर मोजण्यांपैकी एक याच रानातून गेली. मोजणीदार विल्यम लॅम्टनने कन्याकुमारीकडून उत्तरेकडे ओढत आणलेली रेघ ७८ रेखांशाच्या किंचित पश्चिमेने जाते. दक्षिणेत बिदरजवळचे दमरगिद्दा, उत्तरेत इंग्रजांनी ‘टाकल खेरा’ म्हणून नोंदवलेले वऱ्हाडातले ठिकाण, आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात, त्याच रेखांशाच्या आसपास, आपले दिग्रस. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवत असताना जानेवारी १८२३ मध्ये लॅम्टन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने केले.

त्या मोजणीत एक रिवाज होता. सुरुवातीला साखळीने सपाट जमिनीवर एक पायारेषा मोजायची, मग नुसते कोन घेत शेकडो मैल जायचे, आणि दूरवर पोचल्यावर पुन्हा साखळी जमिनीवर टाकून तिथली एक रेषा प्रत्यक्ष मोजायची. गणिताने काढलेली लांबी आणि साखळीने भरलेली लांबी यांत जो फरक येईल तो ग्रंथात छापायचा. अर्धपोटी मजूर आणि तापाने फणफणलेले मोजणीदार यांच्याकडून ही दुसरी मोजणी करून घेतली गेली, कारण तिच्यावाचून पहिलीला किंमत नव्हती. त्या साखळीखाली मेलेल्या हिंदी माणसांची नावे कुठे छापलेली नाहीत, हा त्या कामावरचा कायमचा डाग आहे. पण फरक छापण्याचा रिवाज घेण्यासारखा आहे. नागपूरच्या झीरो माइलजवळच्या १९०७ च्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत कोरलेली आहे, १०२०.१७१. रस्त्याने जाणारा कोणीही थांबून ती वाचू शकतो.

आमची मागणी अशीच, उघड्यावर वाचता येईल अशा मोजणीची आहे. विमानतळ प्राधिकरण, इस्रो, रेल्वे, राज्याचे परिवहन खाते आणि सर्वेक्षण विभाग यांनी एकत्र येऊन विदर्भातल्या एका पट्ट्यावर ‘गगन’ची पारख करावी. दिग्रसला एक पक्की, सेंटिमीटरपर्यंत मोजलेली खूण रोवावी आणि तिच्यावर वर्षभर यंत्र ठेवावे, रात्रंदिवस. त्याच पट्ट्यातून एसटी, रुग्णवाहिका, मालट्रक आणि कळंबकडची गाडी यांत दोन-दोन यंत्रे बसवावीत: एक साधे, बाजारात मिळते ते, आणि दुसरे मोजणीच्या दर्जाचे. दोघांच्या रेघांतला फरक काढावा. सरासरी छापून थांबू नये. सरासरीत बाळंतिणीची ती एक ऑगस्टची रात्र बुडून जाते. सगळ्यात मोठी चूक किती झाली, कुठे झाली, किती वाजता झाली आणि यंत्राने ती झाल्याचे सांगितले की नाही, हे छापावे. मराठीत छापावे. एसटीच्या आगारात आणि तहसील कचेरीत लावावे.

यंत्र बनवणाऱ्यांकडून आणखी एक गोष्ट मागता येईल, आणि ती खर्चाची नाही. ‘गगन’ची दुरुस्ती मिळत नसेल किंवा अनिश्चितता मर्यादेबाहेर गेली असेल तर पडद्यावरचा ठिपका ठाम निळा न ठेवता त्याभोवती मोठे वर्तुळ पसरू द्यावे आणि शेजारी दोन शब्द लिहावेत: ‘जागा अनिश्चित’. चालक गाडी थांबवील, खिडकीतून डोके काढून एखाद्या बाईला विचारील, "मावशी, तांडा अलीकडे की पलीकडे?" तिला ठाऊक असते.

पहिली चाचणी यंदाच्या नवरात्रात घ्यावी. संध्याकाळी सातनंतर, दिग्रसहून पुसदच्या डोंगरांकडे निघणाऱ्या गाडीत. आयनांबरातले बुडबुडे उठण्याचा तो काळ आहे, रस्त्यावर यात्रेची गर्दी असते, ओढ्यांना अजून पाणी असते. नागपूरचे केंद्र पावणेदोनशे किलोमीटरवर आहे आणि दुरुस्ती तर आजही दिग्रसवर पडतेच आहे. ती किती पोचते, एवढे मोजायचे आहे.